मग वास कशाचा येतोय?

गेल्या मार्चमधली गोष्ट. संध्याकाळचे सात वाजून गेले होते. मी कुकरच्या तिसऱ्या शिट्टीची वाट बघत ओट्याशी उभी होते आणि सासूबाई गॅलरीचं ग्रिल धरून बाहेर बघत होत्या. म्हणजे मला तसं वाटलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्या दिवसभर काही ना काही बघतच असतात. पण त्या हुंगत होत्या. मान किंचित वर, डोळे मिटलेले. आत न वळताच म्हणाल्या, "कोणीतरी राब भाजलाय गं."

आम्ही घोडबंदर रोडला राहतो, कासारवडवलीच्या पुढे, चौदाव्या मजल्यावर. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला लांबवर खाडी, आणि मधे मेट्रोचे खांब, खांबांखाली रस्ता, रस्त्यावर रात्रंदिवस कंटेनर. राब म्हणजे भाताचं रोप काढण्याआधी शेताचा तुकडा भाजतात तो. इथे कुठला राब? मला हसू आलं. म्हटलं, "आई, कुणीतरी कचरा पेटवला असेल. नाहीतर येऊरला वणवा लागला असेल." त्या म्हणाल्या, "कचऱ्याचा वास मला कळत नाही का?" मी तिथेच थांबायला हवं होतं. पण ओट्यावर फोन होता, आणि फोनमध्ये नासाचा तो नकाशा, ज्याच्यावर जगात कुठेही आग लागली की लाल ठिपका उमटतो. मी ओले हात पुसले, ठाणं मोठं करून बघितलं. येऊर कोरं, नागला बंदरापर्यंतचा डोंगर कोरा, खाडीपलीकडे भिवंडीकडे दोन ठिपके, ते बहुधा वीटभट्ट्यांचे. मी फोन त्यांच्यासमोर धरला. "बघा. आपल्याकडे काही नाहीये."

त्यांनी नकाशाकडे बघितलं, पाहुण्यांच्या लग्नाचा अल्बम बघावा तसं. मग माझ्याकडे बघितलं.

"मग वास कशाचा येतोय?"

शिट्टी झाली. मी आत गेले. वरण घोटताना, जेवताना, रात्री दाराला कडी घालताना तो प्रश्न पायात घोटाळत राहिला. वास मलाही येत होता. सुरुवातीपासून येत होता.

हे उपग्रहाचं वेड मला लागलं ते एका फडक्यामुळे. २३ जानेवारी २०२२ चा रविवार. त्या दिवशी बोचरा वारा होता, ठाण्यात विरळाच अशी थंडी होती, आणि डोंगर दिवसा दिसेनासा झाला. धुकं म्हणावं तर ते उन्हानं विरतं, हे विरेना. सूर्य होता, पण ताकाच्या भांड्यात पडलेल्या रुपयासारखा. संध्याकाळी खाली उतरले तर पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या झालेल्या. दुसऱ्या दिवशी कामाच्या मावशी आल्या. गॅलरीचं ग्रिल पुसता पुसता थांबल्या, फडकं उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "ताई, ही धूळ आपली नाही."

आपली धूळ कशी असते ते मावशींना ठाऊक. काळपट, चिकट. तिच्यात टायरचं रबर असतं, डिझेलची काजळी असते, मेट्रोच्या खोदकामातलं सिमेंट असतं. फडक्याला लागली की साबणाशिवाय सुटत नाही, ग्रिलच्या कोपऱ्यात तर नख लावावं लागतं. ही पांढरट-पिवळी होती, तांदळाच्या पिठीसारखी. फुंकर मारली की उडत होती. मी चिमटीत घेऊन चोळली, बोटं गुळगुळीत झाली. मावशींनी फडकं बादलीत बुचकळलं तर पाण्याला दुधाळ रंग आला. आमच्या बादलीत त्या रंगाचं पाणी मी पहिल्यांदा बघितलं.

बातम्यांत सांगत होते की धूळ पाकिस्तानातून आली, कराचीकडून. मला पटेना. आपल्याकडे काही वाईट झालं की ते तिकडून आलं म्हणायची सवय आहे, तशातला प्रकार असेल असं वाटलं. म्हणून रात्री शोधत बसले आणि नासाच्या वर्ल्डव्ह्यू नावाच्या संकेतस्थळावर पोचले. तारीख मागे नेली. आणि दिसली. वरती मकरानचा किनारा, सिंधचा, खाली सौराष्ट्राचं नाक, आणि अरबी समुद्राच्या निळ्यावर बशीतून सांडलेल्या चहासारखा एक फिकट तपकिरी ओघळ. कडा इतक्या मऊ की कुठे संपतो ते बोटानं दाखवता येऊ नये. ओघळाच्या खालच्या टोकाला आम्ही होतो. आमचं ग्रिल, मावशींचं फडकं, पार्किंगमधल्या गाड्या. मी बराच वेळ ते चित्र मागेपुढे करत राहिले. मावशींना चार इंचांच्या फडक्यावर जे कळलं होतं, ते कळायला मला सातशे किलोमीटर वरून बघावं लागलं, हे तेव्हा लक्षात आलं नाही. तेव्हा नुसता आनंद झाला होता.

त्यानंतर रोजचंच झालं. सकाळचा चहा आणि उपग्रहाचा फोटो. शिकवणारं कोणी नव्हतं, चुका करत शिकले. ढग पांढरा आणि गाठीगाठीचा. धुकं पांढरंच, पण गुळगुळीत आणि कडा कातरलेल्या, दरीत ओतल्यासारखं बसतं. धूर निळसर करडा, उगमाशी बारीक आणि पुढे पसरत गेलेला, उदबत्तीच्या धुरासारखा. धूळ भुऱ्या रंगाची. आणि गंमत म्हणजे धूळ तिच्या स्वतःच्या गावात दिसत नाही. वाळवंटावर उडते तेव्हा खाली तोच रंग, वर तोच रंग. समुद्रावर आली की उघडी पडते. एकदा मी मे महिन्यात समुद्रावर रुपेरी करडा पट्टा बघितला आणि फॅमिली ग्रुपवर टाकून दिलं, वादळ येतंय, गच्चीवरची वाळवणं काढा. धाकट्या जावेनं बिचारीनं अर्ध्या वाळलेल्या कुरडया आत घेतल्या. तो पट्टा म्हणजे पाण्यावर पडलेली सूर्याची झळाळी होती, रोज थोडी इकडेतिकडे सरकून पडते. त्या कुरडयांना वास लागला. त्याबद्दल अजून ऐकून घेते.

हळूहळू त्या यंत्रांचीही ओळख झाली. नासाचा टेरा हा उपग्रह डिसेंबर १९९९ मध्ये वर गेला, ॲक्वा मे २००२ मध्ये. दोघांचं आयुष्य सहा वर्षांचं धरलं होतं. टेरा सकाळी साडेदहाच्या सुमाराला आपल्यावरून जायचा, ॲक्वा दुपारी दीडच्या. आता दोघेही म्हातारे झालेत, कक्षा सावरण्यापुरतं इंधन उरलेलं नाही, त्यामुळे वेळ पाळणं सुटलंय. टेरा दर वर्षी जरा लवकर येतो, ॲक्वा जरा उशिरा. हे वाचलं तेव्हा मला सासूबाईंची झोप आठवली, पहाटे तीनला उठून बसतात आणि दुपारी ताटावर पेंगतात. टेराची नजर २,३३० किलोमीटर रुंद पट्टा झाडत जाते, तरी आपल्या अक्षांशाला दोन पट्ट्यांमध्ये फट राहते. दर थोड्या दिवसांनी ठाण्याचा नंबर त्या फटीत लागतो. त्या दिवशीच्या फोटोत आपल्या जागी एक काळी पाचर असते. सुओमी एनपीपी हा उपग्रह आणि त्याच्या पाठोपाठ गेलेले नोआचे, म्हणजे अमेरिकेच्या हवामान-सागर संस्थेचे उपग्रह जास्त रुंद बघतात, त्यांना फट राहत नाही. पण वेळ तीच, दुपारी दीडच्या आगेमागे आणि रात्री दीडच्या आगेमागे.

सतत बघणारेही आहेत. आपला इन्सॅट आहे, हिंदी महासागरावर नजर ठेवणारा युरोपचा मेटिओसॅट आहे. ३६,००० किलोमीटरवर, एकाच जागी ठाण मांडून. त्यांना बारीक दिसत नाही, पण ते पापणी मिटत नाहीत. उष्णतेच्या अदृश्य किरणांच्या दोन-तीन पट्ट्यांतला फरक काढून त्यांच्या चित्रात धूळ रंगवतात, आणि ती दिसते गुलाबी. चांगली राणी रंगाची. रात्रीसुद्धा दिसते, कारण त्याला उजेड लागत नाही. अरबस्तानातून निघालेलं एखादं वादळ रात्रभर गुलाबी पदरासारखं समुद्रावर सरकताना मी बघितलंय, घरात सगळे झोपलेले असताना, ब्राइटनेस कमी करून. नवरा एकदा पाण्याला उठला आणि विचारलं, काय बघतेस? मी म्हटलं, धूळ. तो पाणी पिऊन झोपला.

जून २०२३ मध्ये बहिणीचा न्यू जर्सीहून फोन आला. तिच्या सकाळचे आठ म्हणजे आपली संध्याकाळ. म्हणाली, दिवे लावून बसलोय, आकाश नारिंगी झालंय, घरात चुलीशी बसल्यासारखा वास येतोय. कॅनडातलं जंगल जळत होतं, क्यूबेकमधलं. त्या ७ जूनला न्यूयॉर्कमधला हवेचा निर्देशांक ४०० च्या वर गेला होता. त्या वर्षी कॅनडात जळालं ते सुमारे दीड कोटी हेक्टर. म्हणजे जवळपास अर्धा महाराष्ट्र. मी इकडे बसून तिला सांगत होते, आता तुझ्यावर दाट आहे, वरती वाऱ्याचा मोठा भोवरा फिरतोय, त्याच्या बाजूनं धूर खाली ओढला जातोय. तिला बरं वाटत होतं की मला, कोण जाणे. मधे दहा हजारांहून जास्त किलोमीटर, आणि मी तिच्या गॅलरीत उभी असल्यासारखी बोलत होते. पुढे त्या धुराचे पदर अटलांटिक ओलांडून नॉर्वेपर्यंत गेले.

पण त्याच महिन्याच्या शेवटी माझा एक अंदाज सपशेल पडला. मी फोटो बघून तिला मेसेज केला, आज पुन्हा धूर आहे, मुलांना बाहेर सोडू नकोस. तिनं उलट फोटो पाठवला, वर जरासं दुधाळ आकाश, खाली मुलं सायकल चालवतायत. वरून बघताना धूर आहे एवढंच कळतं. तो छतावर आहे की पाच किलोमीटर उंचीवर, हे त्या चित्रात नसतं. उपग्रह सगळी हवा एकावर एक ठेवून, भाकऱ्यांची चवड वरून बघावी तशी बघतो. करपलेली कितवी, ते वरून कसं कळणार? त्यासाठी कॅलिप्सो नावाचा एक उपग्रह होता, तो लेझरनं हवेचा उभा काप घ्यायचा. २००६ पासून सतरा वर्षं काम केलं, त्याच उन्हाळ्यात तो थांबला. त्याचा काप केकच्या कापासारखा अरुंद, त्यामुळे बहिणीच्या घरावरून तो नेमका त्या दिवशी गेला असता याची काही खात्री नव्हती म्हणा.

कधी कधी नेमकं जमतंही. माझं माहेर वाशीचं. जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारचं डंपिंग पेटलं तेव्हा मी तिकडेच होते, बाबांच्या पथ्यपाण्यासाठी. देवनार म्हणजे खाडीच्या पलीकडे. १९२७ पासून साठत आलेला तो कचरा. त्या धुराला नाव देता येत नाही. प्लास्टिक, कुजकं काहीतरी, ओली राख, आणि त्यात एक गोडसर झाक, तिच्यानं मळमळायचं. बाबा खिडकीच्या फटींत जुनी टॉवेलं कोंबत होते आणि दर तासाला म्हणत होते, आता कमी झालाय. झालेला नसायचा. पुष्कळ वर्षांनी मला कळलं की तो धूर लँडसॅट ८ नं टिपला होता. लँडसॅट एका जागी सोळा दिवसांनी एकदा येतो, पण आला की तीस मीटरपर्यंतचं बारीक दिसतं. त्या चित्रात देवनारवरून निघालेली पांढरी शेपटी आहे, खाडी आहे, पूल आहे. सुबक आहे चित्र. मी ते मोठं करून आमचं सेक्टर शोधलं आणि मग बंद केलं. टॉवेलं कोंबणारे बाबा त्यात कुठून दिसणार होते.

आणि १३ मे २०२४. त्या सोमवारी मी वागळे इस्टेटमधल्या ऑफिसातून लवकर निघाले होते. माजिवड्याच्या पुलाखाली रिक्षा सिग्नलला थांबली आणि कापूरबावडीकडून एक मातकट भिंत चालत आली. दुसरा शब्द नाही, चालतच आली. पत्रे, फ्लेक्स, एक अख्खी ताडपत्री आणि तिच्यामागे अंधार. रिक्षावाल्यानं गमछा तोंडाला बांधला आणि ओरडला, "ताई, डोळे मिटा!" दातांत कचकच, कानांत वाळू. दहा मिनिटांत पाऊस, आणि मग ओल्या मातीचा वास, जो एरवी मला आवडतो. घरी पोचेस्तोवर घाटकोपरच्या होर्डिंगची बातमी आली होती. नवरा त्या वेळी ईस्टर्न एक्सप्रेसवर असतो. त्याचा फोन लागेपर्यंतची वीस मिनिटं मी लिहिणार नाही. त्या होर्डिंगखाली सतरा माणसं गेली. रात्री सवयीनं उपग्रह उघडला. दीडच्या फेरीला वादळ जन्मालाच आलेलं नव्हतं. इन्सॅटच्या चित्रांत होता तो एक पांढरा ढग, फुलकोबीच्या गड्ड्यासारखा, वरून शुभ्र. धूळ त्याच्या खाली होती. ढगातून कोसळलेल्या गार वाऱ्यानं आमच्याच रस्त्यांवरची, आमच्याच खोदकामांतली माती उचलून आमच्या तोंडावर मारली होती, आणि वरून दिसत होता गड्डा.

त्या धुळीचं फडकं काळं झालं. मावशी काही बोलल्या नाहीत.

मला वाटतं, मला परकी धूळ आवडते ती एवढ्यासाठीच. ती कराचीहून आली, अरबस्तानातून आली, की कुणाशी भांडायचं नसतं. नकाशावर बोट ठेवायचं, अरे वा म्हणायचं, ग्रिल पुसायचं. आपल्या धुळीला मात्र पत्ते असतात. वरच्या मजल्यावर चार महिने टाइल्स कापणारा शेजारी, रस्ता खणून पत्रे न लावणारा कंत्राटदार, पलीकडच्या टेकडीतली खडीची खाण, आणि एकट्या माणसाला ऑफिसला नेणारी आमची गाडी. यातलं एकही त्या चित्रात उठून दिसत नाही. सगळ्यांचं मिळून एक धुरकं दिसतं, हिवाळ्यात खाडीवर मळक्या मच्छरदाणीसारखं टांगलेलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी ते चित्र दाखवलं होतं एकदा. सेक्रेटरी म्हणाले, छान आहे, पुढचा विषय पाण्याचा टँकर.

तर राब. त्या रात्री मी अंथरुणात पडल्या पडल्या हिशोब केला. लाल ठिपका ज्या उपग्रहांवरून येतो त्यांचा एक चौकोन ३७५ मीटरचा. म्हणजे जवळजवळ पस्तीस एकर. छोटी आग त्याला अगदीच दिसत नाही असं नाही, चांगली भडकलेली असली की चौकोनाचा कोपरा तापवूनही ती सापडते, रात्री तर जास्तच. पण ती त्यांच्या वेळेला पेटलेली हवी. पंजाब-हरयाणातल्या पराळीच्या, म्हणजे भात कापल्यावर उरलेल्या खुंटांच्या आगींचे ठिपके मधल्या काही वर्षांत कमी झाले तेव्हा आधी सगळे खूश झाले. मग कोरियाच्या एका स्थिर उपग्रहाच्या चित्रांवरून लक्षात आलं की बऱ्याच आगी दुपारची फेरी होऊन गेल्यावर लागतायत. तपासनीस येऊन गेला की वर्ग सुटतो, तसं. ते मुद्दाम की आपसूक, यावर वाद आहे. घोडबंदरच्या डोंगराखाली कुणाला उपग्रहाचं वेळापत्रक चुकवायचं असेल असं मला वाटत नाही. संध्याकाळी ऊन उतरल्यावर लोक आग लावतात, एवढंच. समुद्राकडचा वारा पडतो, डोंगरावरची हवा हळूहळू खाली घरंगळते आणि चौदाव्या मजल्यावरच्या एका नाकाला भेटते.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना मुरबाडचा नकाशा काढून दिला. त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही तिकडचं. मार्च ते मे तिकडे, शहापुरात, जव्हारच्या बाजूला लाल ठिपक्यांचं पुरळ उठतं. काही वणव्यांचे, काही गवताचे, काही भट्ट्यांचे, काही राबाचेही असतील. "यात आमचं शेत कुठलं?" म्हणाल्या. मी सांगितलं, असं नाही दिसत आई, एक ठिपका म्हणजे पस्तीस एकर. त्या खो खो हसल्या. "पस्तीस एकराचा राब? तेवढी तर आमच्या पाटलाची जमीन नव्हती." आणि मग राब कसा असतो ते सांगायला लागल्या, हातवारे करून, दिवाणावर उशा मांडून. भाताचं रोप काढायचं तेवढीच जागा, एक-दोन गुंठे. त्यावर आधी शेण पसरायचं. त्यावर कवळ, म्हणजे ऐनाच्या नि कसल्या कसल्या तोडलेल्या फांद्या, पाल्यासकट वाळवलेल्या. त्यावर पातेरा, गवत. आणि सगळ्यात वर बारीक केलेली माती, अंगावर गोधडी ओढावी तशी. मग वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवायचा, म्हणजे आग धावत नाही, कुथत कुथत पुढे जाते. खालचं तण, तणाचं बी, किडे, सगळं भाजून निघतं, माती भुसभुशीत होते, राखेचं खत होतं. पहिल्या पावसाला त्यात बी टाकलं की रोप असं येतं, म्हणत त्यांनी उशीवरून हात फिरवला. इंग्रज सरकारनं ठाण्यात आणि कुलाब्यात, म्हणजे आताच्या रायगडात, या कवळतोडीवर बंधनं घातली तेव्हा रान पेटलं नाही इतकी माणसं पेटली होती. त्यासाठी १८८० च्या दशकात चौकशीचं कमिशन बसवावं लागलं. सासूबाईंना ते माहीत नव्हतं. "बसवणारच," म्हणाल्या. "राब नाही तर भात कशात लावतील?"

त्यांच्याकडे शब्दही वेगळे आहेत. पायाखालची ती फुफाटा, गाडीमागची धुरळा, खळ्यावर उपणताना उडतो तो खकाणा. मी आजवर या सगळ्याला धूळ म्हणत आले. धुराचंही तसंच. वणव्याचा धूर नाकात तिखट जातो, कचऱ्याचा घशाशी बसतो, आणि राबाचा म्हणे जड असतो, शेणामातीचा, जमिनीलगत लोळतो, कपड्यांत शिरतो, दोन दिवस जात नाही. "काल तसाच होता," त्या म्हणाल्या, आणि दोरीवरचा माझा गाऊन नाकाशी धरला.

रविवारी मी चालायला म्हणून निघाले आणि नेहमीच्या रस्त्याला न लागता डोंगराकडे वळले. टॉवरांची शेवटची रांग संपली की एक बंद पडलेली साइट आहे, तिच्या पत्र्याच्या कुंपणाला वळसा घातला की पायवाट लागते, आणि पुढे एक पाडा. दहा-बारा घरं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची कौलं दिसतात हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं; मी त्यांना डोंगराचाच भाग समजत होते. पाड्याच्या अलीकडे उतारावर चार-पाच वाफे, बांध घातलेले. आणि त्यातला एक काळा. मी पावलांनी मोजला, बारा बाय सात. वर राख, कुठे करडी, कुठे पांढरीफटक, मधे अर्धवट जळलेल्या काटक्यांचे काळे सांगाडे, कडेला तडकलेली ढेकळं. वाकून हात लावला. गार होती. वास मात्र तोच, आमच्या गॅलरीतला. एक कुत्रं भुंकून कंटाळलं. घराच्या ओट्यावर बसलेल्या बाईंनी विचारलं, "काय पायजे?" काय सांगणार? म्हटलं, काही नाही, सासूबाईंना दाखवायला फोटो काढते. तिनं मान डोलावली, जणू लोक रोज येऊन राबाचे फोटो काढतात.

घरी येऊन फोन सासूबाईंच्या हातात दिला. म्हटलं, "आई, तुमचं बरोबर होतं." त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी चष्मा वर सारला, मी दाखवलं तसं दोन बोटांनी फोटो मोठा केला, डावीकडून उजवीकडे सरकवला, परत आणला. मी इतकी वर्षं सकाळच्या चहाबरोबर जे करते, ते त्या करत होत्या. "इकडून लावलाय," पांढऱ्या राखेच्या कडेवर बोट ठेवून म्हणाल्या. "इथे निवांत जळालाय. पुढे वारा फिरला, आग पळाली. ह्या काटक्या बघ, तशाच राहिल्यात." मग आणखी मोठा केला, ढेकळांपाशी थांबल्या, आणि तोंडानं च्च् केलं.

"नवखा दिसतोय कोणीतरी. वरून माती कमी घातलीय. म्हणून तर वास एवढा आला."